शेवटच्या प्रश्नाला उत्तर नको

बी.एड.च्या वर्षात मी सगळ्यात जास्त कशाला वैतागले असेन तर प्रस्तावनेला. प्रस्तावना म्हणजे पाठ सुरू करण्याची पहिली पाच मिनिटं. बाहेरच्या माणसाला ही किरकोळ गोष्ट वाटेल. आम्हाला ती वर्षभर पुरली.

आमच्या गणित पद्धतीच्या सरांचा नियम पक्का होता. वर्गात जाऊन सरळ शिकवायला लागायचं नाही. आधी मुलांचं कुतूहल जागं करायचं. त्यासाठी चार-पाच प्रश्न. पहिले सोपे, त्यांची उत्तरं पटापट आली पाहिजेत. शेवटचा अवघड, त्याला उत्तर येता कामा नये. मुलं गप्प झाली, एकमेकांकडे बघायला लागली, की आपण म्हणायचं, "आज आपण अमुक घटकाचा अभ्यास करणार आहोत," आणि फळ्यावर शीर्षक लिहायचं. पाठाच्या टाचणात शेवटच्या प्रश्नासमोर आम्ही कंसात लिहीत असू : (विद्यार्थी निरुत्तर). टाचण आदल्या दिवशी तपासून घ्यावं लागे. म्हणजे उद्या मुलं गप्प बसणार, हे आज सहीनिशी मंजूर झालेलं असे.

कागदावर या नियमात चूक काढता येत नाही. मला तर तो आवडलाही होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात जे सांगतात ते बरोबरच असणार असं धरून मी चालत असे. अडचण वेगळीच होती. आम्ही सगळे छात्राध्यापक सरावासाठी वर्ध्यातल्या त्याच दोन-तीन शाळांमध्ये जायचो. आमच्या आधीच्या वर्षीचेही तिथंच गेले होते. घटक तेच, तक्ते तेच, प्रश्नही बहुतेक तेच. त्या शाळांमधल्या मुलांना प्रस्तावना आमच्यापेक्षा चांगली पाठ होती. आमच्यातला एकजण वर्तुळाच्या पाठासाठी सायकलचं चाक घेऊन गेला होता. चाक अजून दारातच होतं, तो स्वतः तर व्हरांड्यातच होता, तेवढ्यात वर्ग ओरडला, "परीघ!"

आम्ही हसलो. माझ्यावर वेळ आली तेव्हा मला हसू आलं नाही.

माझा पाठ होता आठवीवर, पायथागोरसचं प्रमेय. मी थर्माकोलची भिंत केली होती आणि खराट्याच्या काड्यांची शिडी. रोज सेलूहून एस.टी.ने येत असे. त्या दिवशी मांडीवर भिंत, हातात शिडी, पायाशी गुंडाळीचा फळा आणि अंगावर कॉलेजच्या नियमाप्रमाणे साडी. कापसाच्या दिवसांत त्या रस्त्यावर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागते, बस थांबत थांबत जाते. शिडी दोनदा मोडली. कंडक्टरनं विचारलं, "मॅडम, घर बांधून राह्यल्या का?"

वर्गात सगळं टाचणाप्रमाणे चाललं होतं. ही काय? भिंत. ही काय? शिडी. भिंत आणि जमीन यांच्यात कोणता कोन? काटकोन. सर शेवटच्या बाकावर बसले होते, त्यांची मान हलत होती. मग मी शेवटचा प्रश्न विचारला. "शिडीचा पाय भिंतीपासून तीन फुटांवर आहे, शिडी भिंतीला चार फूट उंचीवर टेकली आहे, तर शिडी किती लांब?"

दुसऱ्या बाकावर लाल रिबिनीच्या दोन घट्ट वेण्यांची एक मुलगी होती. तिनं हातही वर केला नाही. बोटानं वहीचा कोपरा दुमडत म्हणाली, "पाच."

मी टाचणाकडे पाहिलं. कंसात लिहिलेलं होतं तसं काही घडत नव्हतं.

"पाच फूट, मॅडम," ती जरा मोठ्यानं म्हणाली. तिला वाटलं असावं मला ऐकू आलं नाही.

"बरोबर," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? "तर आज आपण, शिडीची, म्हणजे कर्णाची..."

"पायथागोरस," तिनं मला मदत केली. वर्ग हसला.

सरांनी शेऱ्यात लिहिलं : प्रस्तावना अयशस्वी. पाठ पुन्हा घ्यावा.

पुन्हा घेतलेला पाठही नापास झाला तर त्या वर्षी वार्षिक पाठाला बसता येत नसे. वार्षिक पाठ नाही तर बी.एड. नाही. मला घरून एकच वर्ष मिळालं होतं. धाकटा भाऊ बारावीला होता, आणि पुढच्या वर्षी वर्ध्याला जायची पाळी त्याची होती. एका वेळी एकजण, असं आमच्या घरचं ठरलेलं. ते मला अन्यायाचं वाटत नव्हतं. फक्त माझं वर्ष तीन, चार आणि पाच या आकड्यांवर अडकावं हे पटत नव्हतं.

मी धीर करून सरांच्या खोलीत गेले.

"सर, तिला उत्तर येत होतं."

"येत होतं म्हणजे तुमचा प्रश्न चुकला."

"पण सर, उत्तर बरोबर होतं."

"तेच तर मी म्हणतो आहे," सर म्हणाले. ते रागीट नव्हते. दरवर्षी हेच सांगून ते थकलेले असावेत. "अहो, प्रस्तावना म्हणजे मुलाला दाराशी आणून उभं करायचं. तुमची मुलगी दार उघडून आत जाऊन बसली. आता तुम्ही दाराशी कोणाला उभं करणार?"

हे ऐकायला छान वाटलं. बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की करायचं काय ते मला अजूनही कळलेलं नाही.

घरी सांगणं त्याहून अवघड गेलं. बाबा ओसरीवर बसून विळ्याला धार लावत होते. मी म्हटलं, पाठ पुन्हा घ्यावा लागणार.

"काऊन? चुकली का तू?"

"नाही बाबा. मी प्रश्न विचारला, त्याचं एका पोरीनं उत्तर दिलं."

"चुकीचं देल्लं?"

"बरोबर दिलं."

बाबांनी विळा खाली ठेवला. "पोरीनं बरोबर उत्तर देल्लं म्हणून तुले नापास केलं?"

"हो."

"आन् नसतं देल्लं तर?"

"तर पास."

बाबांनी विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. मग आत वळून आईला म्हणाले, "आयकलं का वं? मंग आपल्या वेळचे मास्तर लय हुशार होते म्हणाचे. त्याईच्या एकाही प्रश्नाले मले कधी उत्तर आलं नाई." आई हसली, मग माझा चेहरा पाहून चुलीकडे वळली. मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं नाही, ताट वाढून घेतलं.

पुढचा आठवडा मी नवी प्रस्तावना शोधण्यात घालवला. कॉलेजच्या ग्रंथालयात नमुना पाठांची पुस्तकं होती. त्यांतली मुलं कधीच अडचणीत आणत नसत. शिक्षक विचारी, मुलं उत्तर देत, योग्य जागी गप्प होत. मी गोष्ट लिहून पाहिली, शेतकऱ्याच्या त्रिकोणी धुऱ्याची, म्हणजे बांधाची. फार लांबली. कोडं करून पाहिलं. पतंग आणला, पतंगाचा दोरा आणला. प्रत्येक वेळी शेवटी तीच मुलगी माझ्या डोळ्यांसमोर यायची, वहीचा कोपरा दुमडत. पतंग असो की शिडी, ती "पाच" म्हणणार होती. शेवटी मी पतंग ठेवून दिला आणि शिडीच पुन्हा चिकटवली. मला दुसरं काही सुचलं नाही, एवढंच त्याचं कारण.

माझी एक मैत्रीण वर्ध्याला लागूनच, बोरगाव मेघेला खोली करून राहायची. त्या पहिल्या पाठानंतर माझा गुंडाळीचा फळा मी तिच्याकडेच ठेवू लागले, पुन्हा बसमधून आणावा लागू नये म्हणून. तीही गणिताचीच. तिचा एकही पाठ परत आला नव्हता. मी तिच्यापुढे डोकं धरून बसले तेव्हा ती म्हणाली, "अवं, एवढं काय टेन्शन घेऊन राह्यली? होते सगळं बराबर. तू फक्त शिडी आणजो."

तिच्या बोलण्यातला भरवसा मला समजला नाही. मी तो मैत्रीचा समजले.

पुन्हा घ्यायच्या पाठाचा दिवस उजाडला. तोच वर्ग, तीच मुलं, मागच्या बाकावर सर. मी भिंत ठेवली, शिडी लावली.

"ही काय आहे?"

कोणी बोललं नाही.

मला वाटलं, आवाज बारीक लागला असेल. "मुलांनो, ही काय आहे?"

सगळा वर्ग भिंतीकडे बघत होता. एका मुलानं तोंडावर हात ठेवला होता. लाल रिबिनीची मुलगी ओठ आत ओढून बसली होती, पाण्यात बुडी मारल्यासारखी.

"ही भिंत आहे," मी स्वतःच सांगितलं. "आणि ही?"

शांतता. सरांनी पेनाचं टोपण काढलेलं मला दिसलं. भिंत आणि जमीन यांच्यातला कोन कोणालाही माहीत नव्हता. मागच्या वेळी न विचारता पायथागोरसपर्यंत पोचलेला हा वर्ग. टाचणात "निरुत्तर" एकदाच यायला हवं होतं. इथं पहिल्या प्रश्नापासून सगळा वर्ग निरुत्तर बसला होता.

सरांनी आम्हाला प्रमाण भाषेत बोलायला सांगितलेलं असे. मी आरशासमोर त्याचा सराव करत असे. त्या क्षणी ते सगळं गेलं. मी डस्टर टेबलावर आपटलं आणि म्हणाले, "अरे, काऊन गप्प बसून राह्यले तुम्ही? मागच्या वेळी तर लय बोलत होते!"

वर्गात एकदम खसखस पिकली. मुलगी उभी राहिली. बुडी मारून वर आल्यासारखा श्वास घेत म्हणाली, "मॅडम, आमाले सांगतलं होतं, बोलाचं नाई म्हणून."

"कोणी सांगितलं?"

"त्या दुसऱ्या मॅडमनं. सकाळीच येऊन गेल्या. म्हणे, शेवटच्या प्रश्नाले कोणी बोलाचं नाई, बोललं तर माझ्या मैत्रिणीचं वर्ष वाया जाईन."

"मग पहिल्या प्रश्नाला तरी बोलायचं!"

"पण शेवटचा कोणता ते आमाले कसं समजंल?" तिनं अगदी कळकळीनं विचारलं. "तुमी कमी-जास्त विचारले असते तर? म्हणून आमी ठरवलं, कोणत्याच प्रश्नाले बोलाचं नाई."

मी मागच्या बाकाकडे बघायचं टाळलं. त्या मुलांनी माझ्यासाठी हे केलं होतं, हे मला दिसत होतं. आणि त्यांच्या चांगुलपणानंच माझं वर्ष बुडणार, हेही दिसत होतं. राग नेमका कोणावर काढायचा ते कळेना. मैत्रिणीवर, सरांवर, की त्या काड्यांच्या शिडीवर? आता उरलंय काय, असं वाटून मी म्हणाले, "बरं. आता बोला. तीन फूट आणि चार फूट, शिडी किती?"

"पाच!" अख्खा वर्ग सुटल्यासारखा ओरडला.

"कशावरून?"

"गाईडात आहे." "ट्यूशनमधी सांगतलं." "मागच्या मॅडमनं विचारलं होतं."

"मग तीन आणि तीन?" मी विचारलं. यात माझी काही युक्ती नव्हती. त्यांच्या गाईडात नसलेला एखादा आकडा मला हवा होता, निव्वळ वैतागातून.

"चार!" एकजण म्हणाला. "तीन-चारले पाच, तर तीन-तीनले चार. एक कमी झाला ना."

"सहा," खिडकीजवळचा म्हणाला. "तीन अन् तीन सहा."

"सहा कसं होईन बे? तू जमिनीवरून चालत जाऊन मंग भितीवर चढून राह्यला. शिडी तर सरळ जाते."

"मंग तू सांग."

"तीनच," मागून कोणीतरी म्हणालं. त्यानं खाली बोट दाखवलं. वर्गात चौकोनी फरशी होती. "तीन फरश्या अशा, तीन फरश्या तशा. अन् तिरपं गेलं तरी तीनच फरश्या लागते."

"पण तिरपी फरशी लांब राहते!"

बाकं सरकली. ती सरकवायला मी सांगितलं की मुलांनी आपणहून सरकवली, ते आता आठवत नाही. गुंडाळीच्या फळ्याला बांधलेली सुतळी मी सोडली. दोन मुलांनी ती तीन-तीन फरश्यांच्या चौकोनाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत ताणून धरली, मग तीच सुतळी सरळ रेघेत फरशांवर ठेवली. चार फरश्या पार करून सुतळी थोडी पुढे गेली. तीन म्हणणारा गप्प झाला, सहा म्हणणारा केव्हाच झाला होता, चारवाला सुतळी ढिली धरली म्हणून भांडत होता.

"सव्वाचार," लाल रिबिनीची मुलगी फरशीवर गुडघे टेकून म्हणाली. पण तिचं समाधान झालं नव्हतं. "मॅडम, पाच आलं ते नऊ अन् सोळा पंचवीस म्हणून आलं. मंग इथं नऊ अन् नऊ अठरा. अठरा कोणाचा वर्ग आहे?"

"तूच बघ."

तिनं खडूनं फरशीवरच सव्वाचारचा गुणाकार केला. दोनदा केला. "थोडं जास्त होते, मॅडम. अठरा नाई येत. अठराच्या थोडं वर जाते."

"मग सव्वाचारहून थोडं कमी घे," कोणीतरी सुचवलं. तिनं घेतलं. आता अठराच्या खाली गेलं.

"मंग शिडी किती?" तिनं मला विचारलं.

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, मग एकमेकांकडे, मग त्या सुतळीकडे. सुतळी समोर पडलेली होती. तिला लांबी होती हे तर दिसतच होतं. पण ती किती, ते कोणाला सांगता येईना. कोणीही कोणाला गप्प बसायला सांगितलेलं नव्हतं. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली.

मग मला आठवलं की फळा कोरा आहे. शीर्षक नाही, उद्देश नाही, "आज आपण" हे दोन शब्दसुद्धा मी बोललेले नाहीत.

मुलं बाहेर गेली. सर सुतळी ओलांडून पुढे आले.

"ही प्रस्तावना होती का पाठ?"

"माहीत नाही, सर."

"मलाही ठरवता येत नाही," सर म्हणाले. त्यांच्या हातातला निरीक्षणाचा कागद रकान्यांचा होता. प्रत्येक रकान्याला नाव होतं आणि या तासाचं काहीच कोणत्याही रकान्यात बसत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "वर्गाला आधी जाऊन सांगून ठेवता तुम्ही लोक. हे माझ्या लक्षात येत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

"मी नव्हतं सांगितलं, सर."

"ते दिसलं. तुमचा चेहराच तसा झाला होता." त्यांनी कागद उलटून पाहिला. "शेवटचा प्रश्न तास संपताना आला. त्यातून तो मुलीनं विचारला, तुम्ही नाही."

"हो, सर."

"पण निरुत्तर झाली खरी मुलं." त्यांनी बाकावर कागद ठेवून लिहिलं : प्रस्तावना प्रमाणाबाहेर लांबली. शीर्षक नाही. उद्देशकथन नाही. भाषा सुधारावी. आणि खाली : पाठ ग्राह्य. कागद माझ्या हातात देत म्हणाले, "वार्षिक पाठाला बाहेरचे परीक्षक असतात. तिथं हे असलं काही करू नका."

मी बाहेर आले तर मैत्रीण व्हरांड्यात उभी. "काय झालं वं? पास ना?"

"तू वर्गाला काय सांगून गेली होतीस?"

"शेवटच्या प्रश्नाचं सांगतलं होतं! फक्त शेवटच्या!" ती माझ्यापेक्षा जास्त वैतागली होती. "ह्या पोट्ट्याईले काही सांगाची सोय नाई."

खरी चिडचिड पुढं झाली. सरांनी पद्धतीच्या तासाला माझं नाव न घेता सांगितलं, तीन-चारऐवजी तीन-तीन घ्या, सुतळी न्या, मुलं विचार करतात. पंधरवड्यात पायथागोरसच्या प्रत्येक टाचणात सुतळी आली. माझ्या मैत्रिणीनं तर तिला रंग दिला. त्या आठवीत सुतळी दिसली की वर्ग एका सुरात ओरडायला लागला, "सव्वाचार, पण नाई!" आणि टाचणात त्यासमोर कंसात लिहिलेलं असायचं, (विद्यार्थी निरुत्तर).

माझा वार्षिक पाठ त्याच शाळेत, त्याच वर्गावर लागला. घटक चौकोनांचे प्रकार. परीक्षक मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेत होते. मी दाराशी उभी, तक्ते काखेत, तळवे ओले. लाल रिबिनीची मुलगी पाणी पिऊन परत येत होती. माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, आज बोलाचं का गप्प राहाचं?"

ती मनापासून विचारत होती. माझ्या उत्तरावर माझं वर्ष होतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. गप्प राहा म्हटलं असतं तर ती राहिली असती, आणि या वेळी नेमक्या शेवटच्या प्रश्नाला.

"येत असंल तर बोलजो," मी म्हणाले. "नसंल येत तर मले विचारजो."

ती बोलली. शेवटच्या प्रश्नालाही बोलली. परीक्षकांनी मान वर केली, आणि मी तिला विचारलं, "कशावरून?"

गुण जेमतेम आले. पण मी पास झाले. आता माझ्या स्वतःच्या वर्गात दर हिवाळ्यात कोणीतरी नवी छात्राध्यापिका येते, तक्ते काखेत, तळवे ओले, आणि तास सुरू व्हायच्या आधी मला बाजूला घेऊन विनवते, "मॅडम, शेवटच्या प्रश्नाचं तेवढं मुलांना सांगून ठेवाल का?"